लॅव्हेंडरचं तेल: चमच्याला एक थेंब

भाचीच्या बाळाच्या बारशाला कुणीतरी लॅव्हेंडर तेलाची 10 मिलिलिटरची बाटली भेट दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोथरूडला तिच्याकडे गेले, तर तिच्या सासूबाई बाळाच्या आंघोळीची तयारी करत होत्या. वाटीत कोमट खोबरेल, शेजारी ही बाटली, झाकण उघडलेलं. टाळू भरताना यातलं थोडं घातलं की बाळ शांत झोपेल, असं त्यांना वाटत होतं. "विहीणबाई, हे राहू द्या, नुसतं खोबरेलच लावा," असं म्हणून मी बाटली उचलली आणि मग बाळाची आंघोळ होईपर्यंत त्यांच्याशी बोलत बसले. तेच इथे लिहिते आहे.

त्यांची चूक नव्हती. आपल्याकडे तेल म्हणजे फोडणीचं, डोक्यावर थापायचं, दिवाळीत अंगभर चोळायचं. वाटीनं ओतायची सवय हातालाच असते. लॅव्हेंडरचं तेल त्या अर्थानं तेलच नाही. फुलांवरून वाफ सोडून, ती गार करून, वर तरंगणारा जो अर्क मिळतो तो हा. किलोभर अर्काला शंभर किलोहून जास्त फुलं लागतात, एवढा तो तीव्र असतो. नारायण पेठेतल्या औषधाच्या दुकानात मी बावीस वर्षं फार्मासिस्ट होते आणि गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आले: हे औषधासारखं थेंब मोजून वापरा.

घेताना लेबलावर 'लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया' हे शास्त्रीय नाव शोधा. खरं लॅव्हेंडर ते. 'लॅव्हेंडिन' नावाचा त्याचा संकर स्वस्त असतो आणि त्यात कापराचा अंश जास्त असतो. आरतीच्या कापराची ओळख असलेल्या आपल्या नाकाला तो चटकन कळतो. लॅव्हेंडिन वाईट नाही, पण झोपेसाठी घेत असाल तर पहिलंच घ्या. 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलेलं मेणबत्ती-साबणासाठी असतं, ते अंगाला नको. बाटली गडद काचेची हवी. चांगलं तेल आपल्या देशातही होतं: जम्मूतल्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहच्या परिसरात, शेतकरी मक्याऐवजी लॅव्हेंडर लावू लागले आहेत. घरी आल्यावर एक थेंब कोऱ्या कागदावर टाकून दिवसभर ठेवा. स्निग्ध डाग तसाच राहिला तर त्यात दुसरं तेल मिसळलेलं आहे.

आता प्रमाण. चहाच्या चमचाभर, म्हणजे 5 मिलिलिटर, साध्या तेलात एक थेंब. हे साधारण 1 टक्का झालं. चेहरा, मान किंवा नाजूक कातडी असेल तर याच्या वर जाऊ नका. धडधाकट मोठ्या माणसाच्या पाठीला, पोटऱ्यांना दोन थेंब चालतात. साधं तेल म्हणून मी लाकडी घाण्याचं तिळाचं वापरते. खोबरेल किंवा बदामही चालेल. पहिल्यांदा वापरताना हे मिश्रण कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागी लावून 24 तास थांबा. खाज, लाली आली तर तो विषय तिथेच संपवा.

अंघोळीच्या बादलीत थेंब टाकण्याची पद्धत मात्र सोडा. अर्क पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतो आणि पहिल्याच तांब्याबरोबर जसाच्या तसा अंगावर येतो. आधी चमचाभर तेलात मिसळा, अंगाला चोळा, मग अंघोळ करा.

वासासाठी डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात, 100 मिलिलिटर पाण्याला तीन-चार थेंब, अर्धा तास, की बंद. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत आपण खिडक्या गच्च लावून झोपतो. अशा खोलीत रात्रभर यंत्र चालू ठेवलं तर सकाळी डोकं जड होतं. दार किलकिलं ठेवा. यंत्र नसेल तर रुमालावर एक थेंब टाकून तो उशीपासून हातभर लांब ठेवा, तेवढंही पुरतं. झोप लागायला, मन निवायला याची मदत होते, पण ती सौम्य असते. महिनोन्‌महिने झोप उडाली असेल तर डॉक्टरच गाठा. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना याबद्दल सांगून ठेवा.

माझाच एक अनुभव सांगते. 2019 च्या मे महिन्यात डोकं दुखत होतं म्हणून खिडकीत दोन वर्षं पडलेल्या बाटलीतलं तेल मी तसंच कपाळाला लावलं. संध्याकाळपर्यंत कपाळ लालभडक झालं आणि पुरळ बसायला दहा दिवस गेले. लॅव्हेंडरमध्ये लिनालूल नावाचं सुवासिक द्रव्य असतं. हवा, ऊन लागत राहिलं की त्याचं रूप बदलतं आणि हे बदललेलं रूप कातडीला ॲलर्जी आणू शकतं. तेव्हापासून बाटली उघडल्याची तारीख मी चिकटपट्टीवर लिहिते. वर्ष-दीड वर्ष झालं की ती अंगासाठी बंद.

तान्ह्या बाळांना, दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका. 2007 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन मुलग्यांची नोंद केली: लॅव्हेंडर किंवा टी ट्री (असाच एक वनस्पतींचा अर्क) असलेली उत्पादनं वापरताना त्यांची छाती मुलींसारखी वाढली होती, वापर थांबल्यावर उतरली. पुढच्या अभ्यासांत यावर मतभेद झाले, पण वयात येण्याआधी मुलाला रोज लावायला मी तरी सांगणार नाही. गरोदरपणाचे पहिले तीन महिने टाळा, पुढे डॉक्टरांना विचारून. दम्याच्या माणसाच्या खोलीत वास सोडण्याआधी त्याला विचारा. घरात मांजर असेल तर डिफ्यूझर लावूच नका. मांजराच्या यकृताला असे घटक नीट निचरता येत नाहीत, आणि अंगावर पडलेलं ते चाटतं.

भाजल्यावर लॅव्हेंडर लावायची कल्पना रेने-मोरिस गाटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या गोष्टीवरून आली. 1910 मध्ये प्रयोगशाळेत त्याचे हात भाजले होते. 1937 मध्ये त्यानं 'अरोमाथेरपी' नावाचं पुस्तक लिहिलं. त्याची गोष्ट खरी असली तरी तुम्ही आधी नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरा आणि मोठं भाजलं असेल तर दवाखाना गाठा.

पोटात घेऊ नका, चहात-सरबतात नको. जर्मनीत 80 मिलिग्रॅमची लॅव्हेंडरची कॅप्सूल मिळते, पण ती ठरावीक प्रमाणात बनवलेलं औषध आहे. तुमच्या बाटलीतलं तेल ते नव्हे. मुलानं चुकून प्यायलं तर उलटी काढू नका, तेल फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवा. कातडीला झोंबलं तर आधी साधं तेल लावून पुसा, मग साबण.

भाचीच्या घरी ती बाटली आता देवघरापासून लांब, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर आहे, कारण हे तेल पेटही घेतं. विहीणबाईंनी तिच्यावर तारीख घातली आहे. रात्री बाळ झोपलं की त्या भाचीच्या आखडलेल्या पाठीला तिळाच्या तेलात मिसळून लावतात, चमच्याला एक थेंब, आणि बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुतात.