विंडोज पुसण्यापूर्वी : लिनक्सवर जाताना या चुका टाळा

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित मोफत साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून धडधाकट असलेले असंख्य संगणक घरोघरी तसेच उरले. अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली बसवणे हा योग्य निर्णय आहे, असे माझे ठाम मत आहे. मात्र हे स्थलांतर बिघडलेले जेव्हा जेव्हा मी पाहिले, तेव्हा बहुतेक वेळा मुळाशी एकच कारण निघाले : विंडोज चालू असतानाच जे काम उरकायला हवे होते, ते तसेच राहून विंडोज पुसले गेले होते.

मराठीत काम करणाऱ्याला सर्वांत महागात पडते ती जुन्या फॉन्टकडे दुर्लक्ष करण्याची चूक. श्रीलिपी, आयएसएम, आकृती किंवा कृतिदेव वापरून वर्षानुवर्षे टंकलेली इतिवृत्ते, वंशावळी आणि पुस्तकांच्या संहिता पडद्यावर मराठीत दिसत असल्या, तरी युनिकोड (प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा संकेत देणारी जागतिक पद्धत) येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या या फाइलींच्या पोटात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेतच साठवलेले असतात. त्यांना देवनागरीचे रूप देतो तो केवळ फॉन्ट. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग समोर येते. माझ्या परिचयातील एका वाचनालयात ग्रंथांची संपूर्ण यादी अशी दिसू लागली, तेव्हा फाइल बिघडली असे समजून ती काढून टाकण्याची तयारी झाली होती. प्रत्यक्षात यादीतील एक अक्षरही हरवलेले नव्हते.

फॉन्टचा परवाना मुभा देत असेल, तर त्याची फाइल लिनक्सवर नेऊन मजकूर पुन्हा वाचता येतो. पण त्यात शोध घेता येत नाही आणि तो इतरांना पाठवण्याच्या कामाचाही राहत नाही. पीडीएफ करून ठेवल्याने पानाचे रूप टिकते, मात्र त्यातून मजकूर उचलला तर पुन्हा तीच रोमन अक्षरे हाती येतात. म्हणून मूळ सॉफ्टवेअर चालू आहे तोवरच मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, शेजारी मूळ फाइल उघडून तो पडताळावा आणि त्या वेळी रफार, ऱ्हस्व वेलांटी व ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ अशा शब्दांतील अर्धा र यांवर विशेष लक्ष ठेवावे, कारण रूपांतरक तेथेच अडखळतात. मजकुरात मध्येच इंग्रजी शब्द असतील, तर रूपांतरक त्यांनाही मराठी समजून त्यांची मोडतोड करू शकतो.

युनिकोडमधील फाइलींनाही एक छोटा अडथळा येतो. ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजसोबत येतो, लिनक्ससोबत नाही. त्यामुळे लिबरऑफिस त्याच्या जागी दुसरा फॉन्ट वापरते आणि ओळी व पाने सरकतात. अक्षरे मात्र बरोबर असतात. नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट बसवून, लिबरऑफिसच्या भाषाविषयक पर्यायांत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’साठी मराठी निवडावी, कारण तेथे रोमन आणि देवनागरी मजकुराचे मूळ फॉन्ट वेगवेगळे ठरवावे लागतात. टंकनासाठी इनस्क्रिप्ट मांडणी लिनक्समध्ये असतेच, आणि ‘गमभन’ या उच्चारांनुसार टंकण्याच्या मांडणीची सवय असलेल्यांना ती आयबस या लिनक्सवरील टंकन-साधनाच्या एम१७एन संचातून मिळते.

विंडोजशेजारी लिनक्स ठेवणार असाल, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावे. ते चालू असताना संगणक पूर्ण बंद होत नाही, डिस्क अर्धवट वापरात असल्याची नोंद राहते आणि लिनक्समधून डिस्कचे विंडोजने वापरलेले विभाग फक्त वाचता येतात किंवा उघडतच नाहीत. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन, चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. तिच्याविना आपलीच डिस्क आपल्याला परकी होते. विंडोजचा विभाग लहान करायचा असेल, तर ते काम विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून करावे.

दोन्ही प्रणाली एकत्र नांदू लागल्यावर विंडोजचे घड्याळ अचानक साडेपाच तास मागे पडलेले दिसले, तर बॅटरी बदलायला धावू नये. लिनक्स संगणकाच्या मूळ घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ मानते; भारतात हा फरक नेमका साडेपाच तासांचा आहे. लिनक्सला मूळ घड्याळ स्थानिक वेळेप्रमाणे ठेवायला सांगितले, की प्रश्न सुटतो.

बसवण्याआधी तपासणी न करणे ही घाईतली चूक आहे. लिनक्स ज्या एका फाइलीच्या रूपात उतरवून घेतात ती आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून सहसा भागत नाही. रूफससारख्या साधनाने ती लिहावी लागते, आणि त्याआधी तिचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा संकेत, जुळवून पाहावा. त्या पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवताही चालवता येते. या सोयीचा लोक पाच मिनिटेच उपयोग करतात, याचे मला फार वाईट वाटते. तसा एक पूर्ण दिवस काढून वायफाय, आवाज, छपाई आणि झाकण मिटल्यावर लॅपटॉप नीट झोपतो-उठतो का, हे पाहावे. काही लेझर प्रिंटर लिनक्सवर चालवणे खरोखरच कष्टाचे असते आणि ते आधी कळलेले बरे.

व्यवसाय करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, तेव्हा हिशेबाचे रोजचे काम त्यावर असेल तर एक विंडोज संगणक किंवा आभासी यंत्र (लिनक्सच्या आतच विंडोज चालवणारे सॉफ्टवेअर) हाताशी ठेवावे. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनसाठी लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, हे विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेला शोधत बसू नये.

बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसून बसवा’ या पर्यायाचा अर्थ अक्षरशः तोच असतो. डी ड्राइव्हमधील छायाचित्रेही त्यात जातात. शक्य असल्यास नवी एसएसडी घेऊन लिनक्स तिच्यावर बसवावे, जुनी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालावी आणि निदान सहा महिने तिला हात लावू नये. राहून गेलेला एखादा फॉन्ट किंवा विसरलेला फोल्डर आठवतो तो बहुधा त्याच काळात, आणि तेव्हा ती डिस्क जोडून तो काढून घेता येतो.