इंडक्शन हॉब आणि ओव्हनचे वायरिंग : टाइल्स बसण्यापूर्वी या चुका टाळा

स्वयंपाकघराचे नूतनीकरण करताना बहुतेक घरांत टाइल्सचा रंग आणि ओट्याचा ग्रॅनाइट आधी ठरतो, तर हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) कोणता घ्यायचा हे अगदी शेवटी. वायरिंगच्या बहुतेक चुकांचे मूळ या क्रमातच असते, कारण झिरी बुजवून टाइल्स लागल्यानंतर आतील तार अपुरी निघाली, तर झालेले काम पुन्हा फोडावे लागते. म्हणून भिंतीला छिन्नी लावण्यापूर्वी हॉब आणि ओव्हनचे मॉडेल निश्चित करून त्यांच्या माहितीपत्रकातील वॅटचा आकडा वायरमनच्या हाती द्यावा.

ओट्यावर ठेवण्याची साधी इंडक्शन शेगडी सुमारे 2000 वॅटची असते. 230 व्होल्टवर ती जेमतेम 9 अँपिअर घेते आणि 16 अँपिअरच्या सॉकेटवर निर्धास्त चालते. ओट्यात बसवायचा चार झोनचा (भांडी तापवण्याच्या चार जागांचा) हॉब मात्र अनेकदा 7 किलोवॅटच्या घरात जातो, म्हणजे सुमारे 30 अँपिअर. त्याला प्लग लावणे हीच चूक आहे. साधारणपणे त्याच्यासाठी डीबीपासून (घरातील वीजवाटपाच्या पेटीपासून) स्वतंत्र, मध्ये जोड नसलेली 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तेवढ्याच काळजीने ओढलेली अर्थिंगची तार आणि 32 अँपिअरचा डबल पोल एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) लागतो. अंतर लांब असेल किंवा एकाच पाइपात तारांची गर्दी असेल, तर तार आणखी जाड घ्यावी. ओव्हनची लाइन वेगळीच असावी.

सर्वांत घातक चूक नूतनीकरणानंतर होते. हॉबचे सगळे झोन चालू केले की एमसीबी पडतो, आणि कोणीतरी 16 च्या जागी 32 अँपिअरचा एमसीबी बसवून तक्रार मिटवतो. एमसीबी पडत होता तो भिंतीतील 2.5 चौरस मिलिमीटरच्या तारेला वाचवण्यासाठी. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते आणि नव्या एमसीबीला त्यात काहीच वावगे दिसत नाही. तारेवरचे आवरण मात्र पाइपात, कोणाच्याही नजरेआड, कडक होत तडकत जाते. तार न बदलता एमसीबी वाढवण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाकडून काम करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या इमारतींत ॲल्युमिनिअमची तार निघाली, तर तिला तांब्याचा तुकडा जोडून पुढे जाऊ नये; तो जोड कालांतराने सैल होतो आणि तापतो.

नवीन हॉबचे निम्मेच झोन चालत असतील, तर उपकरण सदोष ठरवण्यापूर्वी त्याच्या मागील टर्मिनल पाहावेत. अनेक हॉब एक किंवा दोन फेजवर (वीज आणणाऱ्या एक किंवा दोन तारांवर) चालतील असे बनवलेले असतात, आणि सिंगल फेजसाठी तेथे तांब्याच्या पट्ट्या आकृतीप्रमाणे बसवाव्या लागतात. पट्टी राहिली, तर अर्ध्या भागाला वीजच मिळत नाही. उलट दोन फेज आणलेल्या ठिकाणी तीच पट्टी ठेवली, तर थेट शॉर्ट सर्किट होते. हे काम परवानाधारक वायरमननेच करावे.

30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) वारंवार पडत असेल, तर तिला वगळून लाइन देणे हा उपाय नव्हे. माणसाला शॉकपासून वाचवण्याचे काम एमसीबी करत नाही. दोन लाइनींचे न्यूट्रल कोठे एकत्र झाले आहेत का, ते आधी तपासावे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळाभर बंद राहिलेल्या ओव्हनच्या कॉइलमध्ये दमटपणा शिरूनही असे होते. मेगरने (तारांचे इन्सुलेशन तपासणाऱ्या उपकरणाने) चाचणी केली की ते लगेच कळते.

हॉबचा स्विच शेगडीच्या वर किंवा ओव्हनच्या पाठीमागे नसावा. तेल पेटले, तर ज्वाळेवरून हात न नेता तो बंद करता आला पाहिजे. म्हणून ओट्याच्या बाजूला, हाताच्या उंचीवर त्याची जागा सुताराचा आराखडा पक्का होण्यापूर्वीच राखून ठेवावी. त्याच वेळी वीजबिलावरील मंजूर भारही (वीज कंपनीने घराला मान्य केलेला वापरही) पाहावा. तो 3 किलोवॅटच असेल, तर भारवाढीचा अर्ज हॉब घरी येण्याआधी करावा.