घरच्या म्हाताऱ्या माणसाला कॅन्सर झालाय? निर्णय घेताना या चुका टाळा

"डॉक्टरसाहेब, बाबाले काही सांगू नका." यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतून नागपूरला आलेली मुलं ओपीडीच्या दारातच हे बजावतात. मायेपोटीच बजावतात, पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. दवाखान्याची पाटी बाबा वाचतातच, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस उरलेलं सांगतो. मग घरचे लपवतात, बाबा माहीत नसल्यासारखं वागतात. शेताच्या वाटणीचं, उसनवारीचं जे बोलायचं असतं ते मनातच राहतं. आधी त्यांनाच विचारा, "बाबा, आजाराबद्दल किती सांगू?" कुणी म्हणेल, "समदं सांग." कुणी म्हणेल, "पोराले सांगा." तोही त्यांचाच निर्णय.

"सत्तरी ओलांडली, आता कशाला?" असं नुसत्या वयावरून ठरवू नका. रोज वावरात फेरी मारणारी पंचाहत्तरीची आजी केमो सोसू शकते. किडनी-हृदयाचा त्रास असलेल्या पासष्टीच्या माणसाला ती कदाचित झेपणार नाही. माणूस किती चालतो, किती जेवतो, वजन किती उतरलं, मधे पडला का, विसरतो का, हे डॉक्टरांना सांगा. बीपी-शुगरच्या गोळ्या आणि वैदूच्या पुड्याही पिशवीत घालून न्या. आणि स्पष्ट विचारा: या उपचारानं आजार बरा होईल, आटोक्यात राहील, की फक्त त्रास कमी होईल?

सुई लावली की कॅन्सर पसरतो, या भीतीनं बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) लांबवू नका.

वावर विकायला काढण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनांची माहिती देणाऱ्या माणसाला भेटा. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. 70 पूर्ण झालेल्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचाराचं. तुमचा दवाखाना आणि तो उपचार योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधीच विचारा.

शेक (रेडिएशन) द्यायचा तर बहुधा आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे जावं लागतं. कापूस वेचणीच्या दिवसांत सोबत कोण जाणार, हे घरी बसून ठरवा. कमी फेऱ्यांत होईल का, हेही विचारा.

मॉर्फिन (जोरदार दुखण्यावरचं औषध) म्हणजे शेवट, असं समजून कळा सोसू देऊ नका. दुखणं कमी करणारे उपचार केमोसोबतही चालतात. फक्त मॉर्फिन सुरू होताच पोट साफ होण्याचं औषधही मागून घ्या, नाहीतर शौचाच्या त्रासाला कंटाळून म्हातारं माणूस गोळीच सोडून देतं.