वर्डप्रेसच्या जुन्या रिव्हिजन्स साफ करताय? या चुका टाळा

वर्डप्रेसमध्ये पोस्ट बदलून अपडेट केली की त्या मजकुराची अख्खी कॉपी पोस्ट्सच्याच टेबलमध्ये वेगळी रो म्हणून जाऊन बसते, यालाच रिव्हिजन म्हणतात, आणि मर्यादा घातलेली नसेल तर अशा कॉप्या साठतच राहतात. एका साइटवर मी एकाच पानाच्या दोनशेच्या वर रिव्हिजन्स पाहिल्यात, बदल काय तर कुठे एक स्वल्पविराम, कुठे एक फोन नंबर.

मग साफसफाई करायची म्हणून लोक पीएचपीमायअ‍ॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं टूल) उघडतात, नेटवरून उचललेली एका ओळीची डिलीट क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली डिलीटची आज्ञा, चालवतात आणि झालं म्हणतात. प्लीज असं करू नका. ती क्वेरी फक्त पोस्ट्सच्या टेबलमधल्या रो उडवते, पण त्या रिव्हिजन्सना जोडलेला पोस्टमेटा, म्हणजे वेगळ्या टेबलमधली जास्तीची माहिती, तसाच मागे राहतो, आणि पेज बिल्डर (पानाचं डिझाइन करायचं प्लगिन) वापरत असाल तर पानाचा सगळा डिझाइन डेटा या मेटातच असू शकतो, म्हणजे खरा कचरा जागच्या जागीच.

दुसरी गोष्ट तर फार कमी लोकांना माहीत असते. लिहिताना वर्डप्रेस आपोआप सेव्ह करतं तो ऑटोसेव्हसुद्धा डेटाबेसमध्ये रिव्हिजन म्हणूनच साठतो, फक्त त्याच्या नावात ऑटोसेव्ह असं लिहिलेलं असतं. पब्लिश झालेल्या लेखात कुणी तासभर बदल करून अपडेट न दाबता टॅब बंद केला असेल तर ते बदल तेवढ्या एका रोमध्येच असतात. आमच्या टीममधल्या एका मुलीचं असंच अर्ध्या दिवसाचं काम गेलं, कारण मी क्वेरी चालवण्याआधी कुणाला विचारलंच नाही. रिव्हिजन ट्रॅशमध्ये जात नाही, गेली की गेली, त्यामुळे आधी डेटाबेसचा बॅकअप घ्या आणि तो रिस्टोअर होतोय हे टेस्ट साइटवर बघून घ्या.

डिलीट करताना डब्ल्यूपी-सीएलआय (कमांड लाइनवरून वर्डप्रेस चालवायचं टूल) किंवा वर्डप्रेसच्या स्वतःच्या फंक्शनमधून डिलीट करणारं, नीट मेंटेन होणारं एखादं क्लीनअप प्लगिन वापरा, म्हणजे मेटा पण सोबत जातो.

मर्यादा घालायची राहिली तर काही महिन्यांत परत तेच. कॉन्फिग फाइलमध्ये (wp-config.php) रिव्हिजन्सच्या कॉन्स्टंटला (WP_POST_REVISIONS) ५ किंवा १० असा आकडा द्या, आणि ती ओळ सेटिंग्जची फाइल (wp-settings.php) लोड होते त्याच्या वर टाका, खाली टाकली तर ती लागूच होत नाही. बरेच जण इथेच अडकतात. शिवाय मर्यादा घातल्याबरोबर जुन्या रिव्हिजन्स गायब होत नाहीत, ती पोस्ट पुढच्या वेळी बदलून सेव्ह केली की मग जास्तीच्या जातात. रिव्हिजन्स पूर्ण बंद मात्र करू नका, चुकून अर्धा लेख उडाला तर परत आणायला बॅकअपशिवाय सहसा दुसरं काही नसतं.

डिलीट करूनही डेटाबेसची साइज तेवढीच दिसतेय? इनोडीबी (डेटाबेसमधली टेबल्स साठवणारी यंत्रणा) मोकळी झालेली जागा लगेच सोडत नाही, टेबल ऑप्टिमाइझ करावं लागतं. त्यात टेबल नव्याने बांधलं जातं, म्हणून सर्व्हरवर तेवढी मोकळी जागा आहे ना ते आधी बघा आणि ट्रॅफिक कमी असेल तेव्हाच करा.

आणि साइट स्लो आहे म्हणून हे करत असाल तर फार आशा ठेवू नका, वाचकाला पान दाखवताना जुन्या रिव्हिजन्स सहसा लोडच होत नाहीत. फायदा होतो तो बॅकअप आणि मायग्रेशनला. स्लो साइटसाठी आधी इमेजेस, कॅशिंग आणि प्लगिन्स तपासा.