३० सप्टेंबरचा पट : शाळेतल्या नव्या बाबूसाठी

अनुदानित शाळेत नवा लिपिक रुजू झाला की त्याला पहिल्या दिवशी कॅशबुक दाखवतात, शालार्थचा, म्हणजे पगारबिलाच्या पोर्टलचा, पासवर्ड देतात. पटाचं, म्हणजे ३० सप्टेंबरला शाळेत किती पोरं धरली जातात त्याचं, कोणी सांगत नाही. मी नागपुरात मानेवाड्याकडच्या एका शाळेत २९ वर्षं बाबू होतो. माझ्या खुर्चीवर आलेल्या पोराला जे तोंडी सांगितलं, तेच इथे लिहितो.

आधी पैसा कुठून येतो ते समजून घे. सरकार आपल्या शाळेला पोरामागे रोकड मोजून देत नाही. पटावरून पदं ठरतात, त्याला संचमान्यता म्हणतात. मंजूर पदावरच्या माणसाचा पगार वेतन पथकातून निघतो. पट घसरला की एक मास्तर अतिरिक्त ठरतो, समायोजनाच्या यादीत जातो आणि त्याचा पगारही त्याच्यामागे दुसऱ्या शाळेत जातो. वर्ग मात्र आपल्याकडेच राहतो, तो मग दोघांनी मिळून ओढायचा.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट टेबलाच्या काचेखाली ठेव. पहिली ते पाचवीला ६० पर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. १५० च्या वर गेलास तर मुख्याध्यापकाचं पद. सहावी ते आठवीला ३५ पोरांमागे किमान एक. त्यावर राज्य आपले निकष बसवतं आणि ते बदलत राहतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने पुन्हा बदलले. म्हणून जुन्या बाबूंच्या तोंडी हिशेबावर जाऊ नकोस, माझ्याही नाही. निर्णयाची प्रत काढ आणि स्वतः वाच.

मनपा किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असशील तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान थेट पटावरच बेतलेलं असतं. ३० पर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार. पट ३० चा ३१ झाला की वर्षाचे १५ हजार वाढतात. खडू, झाडू, वीजबिल त्यातूनच.

आता माझी चूक ऐक. एका वर्षी आमच्या पहिली ते पाचवीत ९३ पोट्टे होते. बाकावर ९३, हजेरीत ९३. मी निवांत. सरकारच्या विद्यार्थी पोर्टलवर तिघांचं आधार जुळलं नाही, धरले गेले ९०. चौथं पद गेलं. ज्या मॅडम गेल्या त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "बाबूजी, तीन पोरांचं काहून राहिलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती नावं मला ऑगस्टमध्येच पोर्टलवर लाल, म्हणजे न जुळलेली, दिसली होती.

तेव्हापासून मी तीन पट वेगळे मोजायला लागलो : बाकावरचा, दाखल-खारीज रजिस्टरचा (शाळेत आलेल्या-गेलेल्यांच्या नोंदीचा) आणि आधार वैध झालेला. पद ठरवताना तिसरा बघतात, म्हणून जुलैपासून तोच सांभाळायचा. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, पुण्या-मुंबईच्या बाबूला आपल्यापेक्षा आठ-पंधरा दिवस जास्त मिळतात. त्यात पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती, महालक्ष्म्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यावर काही टाकलंस तर सर्व्हर तुझी वाट पाहत बसणार नाही.

नावाची गडबड आपल्याकडे एका ठरावीक जागी होते. छिंदवाडा, बालाघाटकडून बांधकामावर आलेल्या कुटुंबांच्या आधारवर पोरीचं नाव नुसतं 'सोनम' किंवा नाव-आडनाव एवढंच असतं. आपण रजिस्टरला आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं तिन्ही लिहितो. पोर्टल म्हणतं, ही ती नाही. जन्मतारखेचंही तसंच, १ जानेवारी किंवा १ जुलै दिसली की आधी शंका घे. प्रवेशाच्या दिवशीच आधार, जन्मदाखला आणि रजिस्टर शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळव. रजिस्टरमध्ये मनाने खाडाखोड करू नकोस. चूक आधारमध्ये असेल तर आधार दुरुस्त करायला पाठव. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर ठसे द्यावे लागतात, पहिलीतल्या अर्ध्या पोरांचं तेच राहिलेलं असतं.

पालकांना "आधार केंद्रावर जा" म्हणून चिठ्ठी देऊन काम होत नाही. त्यांची रोजी पडते. मी चहावाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांच्या ओळखी वापरून शनिवारी दुपारी केंद्रवाल्याला शाळेतच बोलावत असे. एका बैठकीत वीस-पंचवीस पोरं उरकायची.

रोजच्या हजेरीचं एक सांगतो. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असा पोरागणिक लागतो. तपासणीला आलेला माणूस आधी खिचडीची नोंद उघडतो, मग हजेरीपत्रक. तिथे २९ आणि इथे ३८ असेल तर तुला विचारायला त्याला दुसरं काही लागत नाही. रोज अकराच्या आत दोन्ही आकडे जुळवून सही घे.

फुगवायचा मोह होईल, संस्थेतलेच कोणी हळूच सुचवतील. २०११ च्या ३ ते ५ ऑक्टोबरला राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, पोरांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून. त्या तीन दिवसांत काही मुख्याध्यापकांचे चेहरे मी पाहिलेत. माझी भाची मिशिगनला असते, तिथेही ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी पोरं मोजतात आणि शाळेच्या पैशाचा ९० टक्के हिशेब त्या मोजणीवर होतो, उरलेला फेब्रुवारीच्या. तिच्या मुलीच्या शाळेत त्या दिवशी पिझ्झा असतो म्हणे. आपल्याकडे शाई.

२५ सप्टेंबरनंतर कोणी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलं तर अडवू नकोस. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तो लगेच द्यावा लागतो, आणि पट टिकवायला पोराला लटकवून ठेवणं मला तरी कधी जमलं नाही. पण दाखला देऊन हात झटकू नकोस. पोर्टलवर सोडल्यावर पोराचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कोणत्याच शाळेत नसलेल्यांच्या यादीत, जाऊन पडतं. समोरच्या बाबूने ओढून घेतलं नाही तर ३० तारखेला ते ना आपल्या पटात, ना त्यांच्या. त्याच संध्याकाळी त्यांना फोन कर, आणि स्क्रीनवर नाव हललेलं दिसेपर्यंत घरी जाऊ नकोस.