पुन्हा पुन्हा होणारे इन्स्टॉलेशन कसे थांबवले

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या नव्या सर्व्हरवर फोरमन (सर्व्हरची उभारणी सांभाळणारे सॉफ्टवेअर) आणि पपेट (सर्व्हरची मांडणी आपोआप करणारे सॉफ्टवेअर) यांच्या साहाय्याने नेटवर्कवरून लिनक्स टाकताना इन्स्टॉलेशन दर वेळी सुरळीत पूर्ण होत असे, परंतु रीबूट होताच सर्व्हर पुन्हा नेटवर्कवरून बूट होऊन डिस्क पुसत असे.

अशा वेळी यंत्र टीएफटीपी सर्व्हरकडे (बूटसाठीच्या फाइली नेटवर्कवरून देणाऱ्या सर्व्हरकडे) स्वतःच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाच्या) नावाची फाइल मागते. किकस्टार्टच्या (आपोआप इन्स्टॉलेशनसाठीच्या सूचनांच्या फाइलच्या) ‘पोस्ट’ या शेवटी चालणाऱ्या विभागातील स्क्रिप्ट काम पूर्ण झाल्याचा निरोप फोरमनला देते आणि तो मिळाल्यावरच फोरमन त्या फाइलमध्ये स्थानिक डिस्कवरून बूट होण्याची सूचना लिहितो. आमच्या फाइलमध्ये मात्र इन्स्टॉलरचीच नोंद कायम होती, म्हणजे निरोप पोहोचतच नव्हता.

लॉगमध्ये कारण सापडले: फोरमनच्या होस्टनेमचा (नेटवर्कवरील नावाचा) आयपी पत्ता मिळत नव्हता. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या दस्तऐवजात हे स्पष्ट नोंदवलेले आहे की नेटवर्क डीएचसीपीवर (आयपी पत्ते आपोआप देणाऱ्या सेवेवर) असेल, तर ‘पोस्ट’ विभाग चालताना रिझॉल्व्ह.कॉन्फ ही डीएनएस सर्व्हरची (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरची) नोंद ठेवणारी फाइल पूर्ण झालेली नसते; नेटवर्क चालते, पण नावे उलगडत नाहीत. स्क्रिप्टमध्ये थेट आयपी पत्ता लिहिण्याचा मार्ग होता, परंतु एचटीटीपीएसचे (सुरक्षित जोडणीचे) प्रमाणपत्र होस्टनेमशी बांधलेले असल्यामुळे तो मला पटला नाही. त्याऐवजी फोरमनमधील सबनेटचा (नेटवर्कच्या त्या भागाचा) बूट मोड ‘स्टॅटिक’ (पत्ते आधीच ठरवून देणारा) केला आणि तेथेच डीएनएस सर्व्हर नोंदवला.

त्यानंतर निरोप पोहोचला आणि सर्व्हर डिस्कवरून सुरू झाला. बूटक्रमात नेटवर्क मी जाणीवपूर्वक पहिलेच ठेवले, कारण त्यामुळे पुढे सर्व्हर-खोलीत न जाताही पुनर्स्थापना करता येते.