बैठकीत ठरतं, पण होत काहीच नाही: माझा अनुभव

लक्षण असं: शिक्षकांची बैठक दीड तास चालायची, सगळे माना डोलवायचे आणि पुढच्या महिन्यात तोच विषय पुन्हा पहिल्यापासून. वेळ बदलून पाहिली, मोबाइल बाहेर ठेवायला लावले, विषयपत्रिका आदल्या दिवशी पाठवली. ढिम्म फरक नाही. मुख्याध्यापक म्हणून अक्षरशः वैताग आला होता.

शेवटी जे लागू पडलं ते याच क्रमाने करा. आधी निव्वळ सूचना लेखी पाठवून टाका. बैठकीत वाचू नका. उरलेला प्रत्येक विषय प्रश्न म्हणून लिहा: ‘गृहपाठ’ नव्हे, ‘सातवीच्या वह्या आठवड्यातून किती वेळा तपासायच्या?’ अवघड प्रश्न पहिला घ्या. 2 मिनिटं सगळ्यांनी गुपचूप कागदावर लिहायचं. मग सर्वांत नवे शिक्षक आधी बोलतील, तुम्ही शेवटी. (खरी मेख इथेच होती, मी तोंड उघडलं की चर्चा संपायची.) निर्णय होताच फळ्यावर काम, एकच नाव आणि तारीख. ‘सर्वांनी’ हे नाव चालत नाही. फळ्याचा फोटो काढा आणि पुढची बैठक त्याच फोटोने सुरू करा.

आता 40 मिनिटांत उठतो. ‘इतर विषय’ मात्र अजून लांबतात.